पाठमोरी चौकट

नागपूर स्टेशनवर गोंदियाची गाडी फलाटाला लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची लहान बॅग होती आणि काखेत दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली चित्रं. ईरा, निनाद, तुम्ही फोनवर विचारलंत की आजी या वयात सिनेमात काय करणार? क्रमाने सांगते.

तुमच्या आईची मावसबहीण मीनल एक छोटा सिनेमा करते आहे. कॅमेरा सुरू करण्याआधी सिनेमातला प्रत्येक प्रसंग कागदावर चौकटी आखून काढतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. कोण कुठे उभं आहे, कॅमेरा जवळ आहे की लांब, उजेड कुठून येतो, हे सगळं त्यात दिसायला हवं. दिसायला तुमच्या कॉमिक्ससारखंच, फक्त बोलण्याचे फुगे नसतात. मीनलच्या मुंबईच्या चित्रकाराने ऐनवेळी नाही म्हटलं. मी जन्मभर शाळेच्या फळ्यावर बेडूक आणि माणसाचं हृदय काढत आले. म्हणून मीनल म्हणाली, "मावशी, तूच काढ. तुझ्या रेघा स्वच्छ असतात."

सिनेमा एका म्हाताऱ्या नटीचा. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातला धानाचा आणि जंगलाचा पट्टा) दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडिलांची बदली तिकडे अर्जुनीला असताना मीनलने पारबताबाई नावाच्या नटीला रंगमंचावर पाहिलं होतं. पुढे कधीतरी तिच्या मनात एक चित्र आलं: नाटक कायमचं सोडलेली नटी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पाठमोरी दूर चालत जाते आणि लहान लहान होत जाते. ही सिनेमाची शेवटची चौकट. बाकीची सगळी गोष्ट मीनलने त्या चित्रामागून लिहिली. ती भूमिका पारबताबाईंनीच करायची, नाहीतर सिनेमा करायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं. पारबताबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "या त खरं, मंग पाहू." शेतात पाणी आणि रोवणी (धानाची लागवड) चालू असेपर्यंतच चित्रीकरण शक्य होतं.

गोंदिया शहरात सगळीकडे हिंदी ऐकू येतं. स्टेशनबाहेर मीनलने आणि मी तर्रीपोहे खाल्ले. तर्रीचा एक थेंब पुठ्ठ्यावर पडला आणि वरची फीत कायमची लाल झाली, पण आतली चित्रं वाचली. आमचे ड्रायव्हर इक्बालभाई यांनी आधी जवळच्या नागरा गावाला नेलं. तिथल्या जुन्या शिवमंदिरात एक प्रसंग आहे. कोणता उजेड कुठे पडतो ते पाहत मी पायरीवर बसून चौकट काढू लागले. एक धोतरवाले गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"नकाशा काढून राहिल्या का जी? सरकारी आहा?"

"नाही, सिनेमासाठी आहे."

"असं का! मंग हिरोईन कोन?"

"माझ्याच वयाच्या एक बाई आहेत."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मंग त पिक्चर नाई चालत," असं म्हणून ते दर्शनाला निघून गेले. मीनल गाडीत बसेपर्यंत हसत होती. मला हसायला थोडा वेळ लागला.

तिथून दक्षिणेला अर्जुनी मोरगावकडे निघालो. सागाचं जंगल, मध्येच एखादा तलाव, आणि पुन्हा धानाच्या बांध्या (पाणी धरून ठेवणारे शेताचे छोटे तुकडे). प्रतापगडाचा (साताऱ्याचा नव्हे, इथला) डोंगर दिसल्यावर मी गाडी थांबवायला सांगितलं आणि त्याची बाह्यरेषा काढून घेतली. तोवर इक्बालभाई डोंगरावरच्या दर्ग्याकडे तोंड करून उभे राहिले. "आपकी पिक्चर के लिए भी माँग लिया, आंटी," ते म्हणाले. "मेरा भी एक रोल रखवा दो."

पारबताबाईंचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. बाई उंच, आवाज मोठा, कपाळ रुंद. त्या घरची शेती करतात. मुलगा तालुक्याला दुकान चालवतो, सून वंदना घरी असते. भात, वरण आणि तरोट्याची भाजी असं जेवण झालं. ही पावसाळ्यात आपोआप उगवणारी पालेभाजी चवीला थोडी कडसर, मला आवडली. मग मी खाटेवर चौकटी क्रमाने मांडल्या. पारबताबाईंनी एकेक उचलून पाहिली. देवळाच्या पायरीची चौकट पाहून हसल्या. शेवटच्या चौकटीशी थांबल्या.

"हे कोन आहे?"

"तुम्हीच," मीनल म्हणाली.

"तोंड कुठी आहे माहं?"

मीनलने समजावून सांगितलं. कॅमेरा मागे आहे, तुम्ही निघून जाता, लोकांना हुरहुर लागते.

"पोरी, रसिकायले मी कधी पाठ नाई दाखवली. विंगेत जातानी बी तोंड त्यायच्याकडेच राहे. आता मरतानी काऊन दाखवू?" मग स्वयंपाकघराकडे बघून त्या ओरडल्या, "वंदने, ये इकडे! याइले पाठ पाहिजे. तुही पाठ जवान आहे, तूच जाय!"

"मले नोका टाकू तुमच्या नाटकात," आतून उत्तर आलं. "भांडे पडले आहेत."

सगळे हसले, फक्त मीनल नाही. ती म्हणाली, "बाई, ते चित्र काढून टाकलं तर माझ्याजवळ सिनेमाच राहत नाही."

"मंग दुसरी बाई पाहा," पारबताबाई म्हणाल्या आणि चौकटींचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मास्तरीनबाई, चित्र चांगलं आहे. मी नाई त्यात."

मुक्काम तिथेच होता. मीनल अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिली. मी मध्ये पडले नाही. दोघींचंही मला खरं वाटत होतं.

सकाळी पारबताबाई रोवणीला गेल्या. निघण्यापूर्वी निरोप घ्यायला आम्ही शेतावर गेलो. माझी एक चप्पल चिखलाने ओढून घेतली ती घेतलीच, म्हणून मी धुऱ्यावरच बसले. पाच-सहा बाया एका ओळीत, आमच्या धुऱ्याजवळूनच रोवायला लागल्या होत्या. पऱ्हे (धानाची रोपं) खोचायचे आणि एक पाऊल मागे सरकायचं. पुढे गेलं तर लावलेलं पायाखाली येतं. पारबताबाई आमच्याकडे तोंड करून वाकल्या होत्या. मध्येच मान वर करून ओरडत होत्या, "मास्तरीनबाई, चप्पल उगवली का?" बाया खिदळत होत्या. दर वेळी आवाज थोडा लांबून येत होता.

मी वही काढली. पहिल्या चौकटीत बाईंचा चेहरा अगदी जवळ, पाण्यावर वाकलेला. दुसरीत त्या कमरेएवढ्या, पुढे हिरव्या ओळी. तिसरीत पलीकडच्या धुऱ्याशी एवढीशी आकृती, मान वर करून आमच्याकडे पाहणारी, आणि मधली सगळी बांधी भरलेली. मीनल शेजारी येऊन बसली होती. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या चौकटीखाली लिहिलं: शेवट.

जेवणाच्या सुट्टीत पारबताबाईंनी चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि कागद न धरता नुसता वाकून पाहिला.

"पदर गलत आहे," त्या म्हणाल्या. "रोवतानी पदर खोचते बाई."

मी पदर खोडून पुन्हा काढला.

"हव. आता मी आहो." मग मीनलकडे वळल्या. "ते कोपऱ्यातली बांधी राहू देईन. सोमवारपर्यंत. मंगळवारी रोवून टाकीन, तुहा कॅमेरा येवो का नाई येवो. धान थांबत नाई, पोरी."

मीनल त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्या म्हणाल्या, "अवो, चिखलात कायले पडून राहिली!" आणि पुन्हा रोवायला गेल्या.

इक्बालभाईंच्या गाडीतून परतताना मीनलने आधीची पाठमोरी चौकट मागून घेतली आणि आपल्या बॅगेत ठेवली.

"मावशी, चुकलं होतं का गं माझं?"

"नाही. तू मंडपात बसून पाहत आलीस. निघून जाणारी नटी तुला दिसते. बाईंना आयुष्यभर समोर बसलेली माणसं दिसली. स्वतःची पाठ त्यांनी कधी पाहिलेलीच नाही."

"मग आता लहान कोण होत जातं? त्या की आपण?"

मी वही उघडून ती तिसरी चौकट तिच्यापुढे धरली, बाळांनो. दुसऱ्याचं चित्र काढायचं तर ते आपल्या जागेवरूनच काढता येतं, एवढं मला कळलं. मग ते त्या माणसाला दाखवावं आणि खोडरबर जवळ ठेवावा.

खिडकीबाहेर बांधीमागून बांधी हिरवी झालेली दिसत होती. प्रतापगडाच्या पायथ्याशी एक रिकामी होती, नुसतं पाणी धरून, सोमवारपर्यंत. कॅमेरावाल्याला सोमवारच्या आत बोलवायचं होतं, पण त्याचा फोन लागत नव्हता. मीनल गोंदिया येईपर्यंत तो लावत राहिली.