मिठाच्या धुक्यातलं बोट

मी विमानाच्या भागांची तपासणी करते असं सांगितलं, की औशाकडचे आमचे पाहुणे तिकीट स्वस्तात मिळतं का ते विचारतात. खरं काम फार रुक्ष आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमची प्रयोगशाळा आहे. लोकांनी जीव लावून बनवलेले भाग आम्ही तिथे ताणतो, वाकवतो, कापतो, आणि एका बंद पेटीत मिठाच्या पाण्याच्या धुक्यात दिवसच्या दिवस ठेवतो. विमानाला दमट, खाऱ्या हवेतूनही जावं लागतं, म्हणून हा छळ. पेटी उघडली की धातूवर काय उगवलंय ते बघायचं.

पूर्वी हे भाग हैदराबाद-बेंगळुरूहून यायचे. अलीकडे लातूरहूनही येऊ लागले. दालमिलचे सुटे भाग बनवणाऱ्या काही जणांनी नवी मशीनं घेतली आणि विमानाच्या कामात उतरले. त्यांत माझा धाकटा भाऊ होता. हैदराबादच्या एका कंपनीने त्याला सीटखाली बसणारा, तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट बनवून दाखवायला सांगितलं होतं. नमुने पास झाले तर कायमचं काम, नाहीतर परत दालमिल. पण दालमिलची गिऱ्हाइकं तर त्याने आधीच सोडून दिली होती. आमच्या घरात कुणालाच काही बेताने करायला जमत नाही.

त्या खंडेनवमीला मी लातूरला त्याच्या वर्कशॉपवर होते. पूजा अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी केली. आयुष्यभर विळे, कुळव आणि पाभर पुजलेला माणूस. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग ट्रेमध्ये मांडलेल्या ब्रॅकेटांकडे वळले. तयार भागाला उघड्या हाताने शिवायचं नाही हा तिथला पहिला नियम, कारण घामातलं मीठसुद्धा धातूला खातं. मी आतल्या खोलीत प्रसादाचं खोबरं कापत होते. मला त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

“आभाळात जायलेत ही लेकरं. बोडक्या कपाळानं कसं धाडायचं?”

नारळाच्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी एकेका ब्रॅकेटला कुंकू लावलं. भाऊ समोर उभा होता. सणाच्या दिवशी बापाचा हात धरायचा कसा, म्हणून त्याने लावू दिलं आणि नंतर सगळे फडक्याने स्वच्छ पुसून घेतले. हे त्याने मला फार उशिरा सांगितलं.

दिवाळीनंतर अप्पा झोपेतच गेले. अस्थी नांदेडला आणून गोदावरीत सोडल्या. मी रडले नाही याचं नातेवाइकांना नवल वाटलं. मलाही वाटलं.

पुढे वरचा संरक्षक थर चढवून भावाचे नमुने आमच्याकडे आले. नात्यातलं काम आहे हे मी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. निकाल ते स्वतः लिहिणार होते, मी फक्त पेटी सांभाळायची होती.

पेटी उघडली तेव्हा भर दुपार होती. पहिला ब्रॅकेट धुऊन दिव्याखाली धरला. मधोमध पांढुरका डाग होता. भिंग लावलं तर डागात गोल फिरत गेलेल्या बारीक रेषा, आणि त्यांना छेदून जाणारी एक आडवी रेघ. ऊस तोडताना कोयता लागून अप्पांच्या करंगळीशेजारच्या बोटाला ती खूण राहिली होती. लहानपणी मी तिच्यावरून नख फिरवत असे. दुसरा ब्रॅकेट काढला, त्यावर तीच रेघ. तिसऱ्यावरही. ज्याला आम्ही नदीत सोडून आलो होतो तो माणूस मिठाच्या पाण्यातून परत आला होता. मला भीती वाटली. बापाची भीती वाटते याची लाज वाटली, तरी भीती काही गेली नाही. पेटीचं झाकण लावून मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

धातूत खड्डे किती खोल गेलेत ते बघायला तुकडा डागातूनच कापावा लागतो. साहेब भला माणूस, मी कापतो म्हणाले. मी ऐकलं नाही. पात्याच्या कर्कश आवाजात मला मोठ्याने रडून घेता आलं.

खड्डे खोल होते. सगळा लॉट बाद झाला. बाद झालेला भाग चुकूनही कुठल्या विमानात जाऊ नये म्हणून ठेचून टाकावा लागतो, कुणाला ठेवून घेता येत नाही. भाऊ नांदेडला आला. आता धंद्याचं काय, हे तो बोललाच नाही. त्याने एक ब्रॅकेट मागितला.

“देव्हाऱ्यात ठेवतो आक्का. इमानाला बसवायलोय का मी?”

मी नाही म्हणाले. लातूरला जाऊन, कामावरच्या पोरांना बाहेर पाठवून, उरलेले सगळे त्याने स्वतःच्या हाताने प्रेसखाली घातले.

कंपनीने आणखी एक संधी दिली, आणि ही शेवटची असं बजावलं. नवे नमुने पेटीत गेले. ते दिवस वाईट होते. पेटीजवळून जायची वेळ आली की मी पलीकडच्या भिंतीच्या कडेने जात असे. घरी पोळ्या लाटताना पिठावर माझीच बोटं उमटत आणि माझा हात थांबे. भावाचा तर रोज फोन यायचा, आणि तो फक्त जेवलीस का एवढंच विचारायचा.

शेवटी पेटी उघडली. ब्रॅकेट धुतले, एकेक भिंगाखाली धरला. सगळे साफ होते. साहेबांनीही पाहिले आणि सही केली. मी लगेच भावाला फोन लावला. पास झालं, आता काम तुझंच, असं सांगितलं. तो आनंदाने ओरडेल असं वाटलं होतं. पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

“कायबी उमटलं न्हाई?”

“न्हाई.”

“नीट बघितलंस, आक्का? एकावरबी न्हाई?”

फोन कानाशी तसाच धरून मी भिंग पुढे ओढलं, आणि पहिल्या ब्रॅकेटपासून पुन्हा बघायला लागले.