कायम कुठले राहणार

आमच्या मजल्यावर कुणालाही "कुठले तुम्ही?" असं विचारलं तर लालबाग हे उत्तर कधी येत नसे. चौदा खोल्या होत्या, आणि चौदाही खोल्यांतली माणसं विचार न करता गावाचं नाव सांगत. कणकवली, देवगड, राजापूर, आणि जिन्याजवळचं एक बिऱ्हाड साताऱ्याकडचं. बाबांची एकाच गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवण्यात सव्वीस वर्षं गेली होती. माझा जन्म चाळीतल्या आमच्या खोलीतला. तरी आम्ही गावचे होतो आणि मुंबईला कामाला आलेलो होतो. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मला तर नाहीच.

बाबा जाऊन दोन महिने झाले. एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची राहिली, ती सावकाश लिहून काढते आहे.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील, असं रेडिओवर सांगितलं गेलं त्या वर्षीची ही गोष्ट. शहरात गोळीबार झाले. बाबांच्या शेजारचे साचे चालवणारा माणूस त्यानंतर खात्यात परत दिसला नाही. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. संध्याकाळी पहिल्या पाळीची माणसं घरी आली की मी गॅलरीत बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी.

"केंद्राच्या ताब्यात म्हणजे काय गं नक्की?" पलीकडच्या खोलीतल्या फिटरकाकांनी एकदा विचारलं.

"म्हणजे मुंबईचा कारभार दिल्लीहून. इथली माणसं निवडून जातील अशी विधानसभा राहील की नाही, तेही ठरलेलं नाही."

"मग नळाला पाणी नाही आलं तर दिल्लीला तार करायची?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "आपल्या वतीने तिथे बोलणार कोण?" एवढंच ते म्हणाले.

त्याच अंकात कुणा मोठ्या माणसाचं भाषण छापलं होतं. गिरणीतले हे लोक पगारापुरते येतात, त्यांची घरंदारं गावाला, तेव्हा या शहराचं काय करायचं हे त्यांनी का ठरवावं, अशा अर्थाचं. बाबांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "निवडणूक येईल ना? तेव्हा सांगू." आधीच्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं नव्हतं. खाडा पडेल म्हणून ते कामावर गेले होते. या वेळी मात्र आपलं मत पडलंच पाहिजे, हे त्यांनी त्या संध्याकाळी मनाशी धरलं. पुढे कितीतरी दिवस ते मला विचारत, "यादीवाले कधी येणार, छापून आलंय का?"

यादीवाले आले ते दुपारी, पुरुष कामावर असताना. गिरगावातल्या एका शाळेतले ख्रिस्ती मास्तर होते. डोक्यावर हॅट, हातात लांबट वही, बोलणं स्वच्छ मराठी. पहिल्याच दारात ते अडले. बायका नवऱ्याचं नाव घेईनात. शेजारच्या काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? त्या पोरीला विचारा. तिला अख्ख्या मजल्याची नावं पाठ आहेत."

मला बरं वाटलं. मी मास्तरांबरोबर एकेका दारात उभी राहिले आणि नावं सांगत गेले. नाव, वडिलांचं नाव, वय. मग ते विचारीत, "हे कायम कुठले राहणार?" आणि मी गाव सांगे. नुसतं गाव नव्हे, वाडी आणि तालुकासुद्धा. मास्तर प्रत्येक नावापुढे एक बारीक खूण करत होते. मी ती पाहिली. कसली खूण, हे विचारलं नाही. जाताना ते म्हणाले, "फार मदत झाली, बाळ." संध्याकाळी मी बाबांना ऐटीत सांगितलं, की यादीचं काम झालं, मी केलं.

कच्ची यादी लागली ती फिटरकाकांनी आधी पाहिली. ते जिन्यातूनच ओरडत वर आले. आमच्या मजल्यावरचं एकही नाव यादीत नव्हतं. खालच्या मजल्यावरची बहुतेक होती. यादी लागली तिथल्या कारकुनाला काका विचारून आले होते. हे सगळे परगावचे, तात्पुरते राहणारे, अशी नोंद होती.

"घ्या!" फिटरकाका म्हणाले. "अख्खा मजला गावाला पोचवला पोरीने. तिकीटसुद्धा काढलं नाही!"

या वेळी कुणी हसलं नाही. सातारकर मामी म्हणाल्या, "शिकलेल्यांना पुढं करायचं ते हे असं." कुणीतरी मागून म्हणालं, त्या भाषण करणाऱ्याला जे हवं होतं ते आपणच लिहून दिलं की. मी आत येऊन मोरीजवळ बसले. आई भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "आता बापाशीक काय सांगतलंस?"

बाबा आले तेव्हा त्यांना खालीच कळलं होतं. चहा घेतला, शर्ट खुंटीला लावला आणि विचारलं, "आता काय करावं लागतं?" दावा दाखल करावा लागतो, मी सांगितलं. अर्ज करायचा आणि प्रत्येकाने स्वतः अधिकाऱ्यापुढे जायचं. मुदत फक्त पाच दिवसांची. "लिही मग," ते म्हणाले. मी रात्रीपर्यंत चौदा खोल्यांचे अर्ज लिहिले. सकाळी बाबा पहिले जातील असं ठरलं. त्यांचा मान्य झाला तर बाकीचे जातील.

दावे ऐकायची जागा म्हणजे म्युनिसिपालिटीच्या शाळेचा एक वर्ग होता. अधिकारी शिक्षकाच्या खुर्चीत आणि आम्ही बाकांवर. गिरगावचे मास्तर बाजूला वही घेऊन होते. त्यांनी मला ओळखलं आणि नजर खाली केली.

"इथे किती वर्षं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सव्वीस."

"नोंद तर गावची आहे. तुमच्याच मुलीने सांगितली."

"तिने खरं तेच सांगितलं," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गावच्या यादीत नाव आहे का तुमचं?"

"आहे. थोरल्या भावाने घातलंय."

"मग इथे घेता येणार नाही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. तिथलं कमी करा म्हणून लिहून देत असाल तर घेतो."

हे आम्हाला माहीत नव्हतं. मी इतके अर्ज लिहिले, पण हे माझ्या वाचनात कुठेच आलं नव्हतं. बाबांचा हात बाकाच्या कडेवरून पुढेमागे फिरत राहिला. मास्तर जरा पुढे झुकून म्हणाले, "घर जात नाही हो त्याने. शेतही नाही. फक्त मत इथे द्यायचं."

"तुमचं गाव कुठलं, मास्तर?"

"गिरगाव. आजे-पणजे, सगळे इथेच पुरलेले आहेत."

"बरं आहे तुमचं," बाबा म्हणाले. मग अधिकाऱ्यांकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "साहेब, गावाला यादी चावडीवर वाचतात. भावाच्या नावाखाली धाकट्याचं नाव आलं नाही म्हणजे…" ते तिथेच थांबले. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खोकलं.

"सही करताय का?" अधिकारी म्हणाले. "नसेल तर बाजूला व्हा."

मला त्या क्षणी म्हणायचं होतं, बाबा, राहू द्या. म्हटलं नाही. कारण त्यांनी सही करावी असंही मला वाटत होतं, म्हणजे माझी चूक मिटली असती. बाबांनी टाक घेतला. चार अक्षरांचं नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. पत्त्याच्या जागी त्यांनी लालबाग, मुंबई असं लिहिलं आणि कागद मास्तरांकडे सरकवला.

चाळीच्या जिन्यात माणसं वाट बघत उभी होती. "घेतलं?" फिटरकाकांनी विचारलं.

"घेतलं. गावचं कापून दिलं."

"कापून?"

"कापल्याशिवाय घेत नाहीत. तुम्ही घाई करू नका. घरी पत्र टाका, विचारा, मग जा."

आई दारात होती. "आणि तुमी कोणाक विचारलात?" ती म्हणाली.

पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस लागत आणि मुदतीचे चारच उरले होते, हे सगळ्यांना कळत होतं. त्या चार दिवसांत गॅलरीत कुणी मोठ्याने बोललं नाही. नऊ जणांनी जाऊन सह्या केल्या. फिटरकाका शेवटच्या दिवशी गेले आणि आल्यावर दार लावून झोपले. बाकीचे गेलेच नाहीत. सातारकर मामी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

निवडणुकीपर्यंत दिल्लीने बेत बदलला होता. मुंबई केंद्राकडे गेली नाही, मोठ्या द्वैभाषिक राज्यात गेली. हवं होतं ते काही मिळालं नव्हतं, त्यामुळे मत देण्याची चुरस उलट वाढलीच होती. बाबांनी खाडा केला, धुतलेला शर्ट घातला आणि उन्हात रांगेत उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "दिलं."

एवढं मला माहीत होतं. बाकीचं आईने मला बाबांच्या दहाव्याला सांगितलं.

सही केली त्याच वर्षी बाबा गणपतीला एकटे गावी गेले होते. आमच्या घरी पाहुण्यांची पंगत आधी उठते, घरचे भाऊ वाढतात आणि मग शेवटी एकत्र जेवतात. त्या दिवशी थोरल्या काकांनी बाबांच्या हातातून वाढायचं भांडं काढून घेतलं. "मुंबईकरांनी आधी बसावं," असं म्हणून त्यांना पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं. पानाभोवती रांगोळी काढली, आग्रह करून वाढलं. बाबा जेवले. हात धुतला. विसर्जनाच्या दोन दिवस आधी ते मुंबईला आले ते मला आठवतं. गिरणीत सुट्टी कमी मिळाली, असं ते म्हणाले होते आणि मला ते खरं वाटलं होतं.

"तेव्हा का नाही सांगितलंस मला?" मी आईला विचारलं.

"तेंनीच नको म्हटलां," आई म्हणाली. "पोरगी परत कोणाचा नाव सांगूक घाबरतली, म्हणाले."