विमान एक, स्ट्रेचरचे स्टँड वीस

हसायचं तर हसून घ्या बाप्पा, पण चहा संपेपर्यंत उठू नका. या किश्श्यात गाढव मीच आहो.

आपल्या नागपुरात सैन्याच्या जुन्या विमानांत फेरबदल करायचा एक कारखाना आहे. तिथलं बजेट मी सांभाळतो. त्या वर्षी एका मालवाहू विमानात जखमी जवानांसाठी स्ट्रेचर बसवायचे होते. आमच्या इंजिनिअर वैशालीताईनं बजावलं होतं, "भाऊ, स्टँड दहा पाहिजेत. नऊ आले तर मी कामाले हात लावत नाही."

आता वरच्या ऑफिसचा रिवाज तुम्हाला कसा माहीत असणार? काहीही मागा, निम्म्यावर कात्री! इतवारीत साडी घेताना आपण करतो ना घासाघीस, तशीच. म्हणून मी शहाणपणा केला, वीस लिहिले. कापून दहा तर येतीलच, नाही का?

पण वर नवीन साहेब आले होते, पुण्याचे. त्यांनी वीसच्या वीस मंजूर केले. दहा विमानात बसले, दहा भिंतीले टेकून उभे.

"वीस काहून मागितले जी भाऊ?" वैशालीताई म्हणे. "उरलेले काय पंखावर लावू?"

"ते कापतील वाटलं मले."

तेवढ्यात साहेबच पाहणीला येऊन राहिले म्हणून निरोप आला. म्हटलं, गेली नोकरी!

"हे कशासाठी?" साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"स्पेअर, साहेब."

"दहाच्या दहा?"

मग काय, खरं सांगून टाकलं. "साहेब, वरून निम्मं कापतात, म्हणून आम्ही दुप्पट मागतो."

साहेबांनी भिंतीजवळचे स्टँड एकेक करून मोजले. वैशालीताई छताकडे पाहून राहिली. मग साहेब म्हणाले, "शेजारचं विमान रिकामंच आहे ना? त्यात बसवा."

एकाच्या जागी दोन विमानं जवानांच्या कामी येणार! वैशालीताईनं सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. मले इतका आनंद झाला, की ठरवलंच, आता खराच आकडा लिहायचा.

दुसऱ्या विमानाले ऑक्सिजनचे दहा सिलिंडर लागत होते. मी छाती काढून दहाच लिहिले. मंजुरी आली पाचची.

लगेच फोन लावला. "साहेब, या वेळेस खरंच दहा लागतात."

"असं कसं? तुम्ही दुप्पट मागता, हे तुम्हीच सांगितलंत मला."

"चुकलंच साहेब. पण आता विश्वास ठेवा."

"ठेवतो ना. फोन जरा वैशालीताईंना द्या."

ताई म्हणाली, दहा. तिकडून उत्तर आलं, मंजूर.

बजेट अजूनही मीच सांभाळतो. आकडा तेवढा साहेब तेव्हापासून ताईले विचारतात.