काठावरचं चौथं तोंड

झेरेल्डा निनहॅमचं कुणाशी वाजलं की आमच्या ओनायडातले, म्हणजे अमेरिकेतल्या आम्हा मूळ रहिवाशांच्या वस्तीतले लोक आधी भांडणाचं कारण विचारतात आणि मग तिचं पुढचं मडकं कधी भाजायचंय ते विचारतात. आमच्या जुन्या घडणीच्या मडक्यांच्या काठाला चार कोपरे असतात आणि कोपऱ्यावर माणसाचं तोंड असतं. झेरेल्डाचा ज्याच्यावर दात असेल त्याला ती तिथे बसवते. ओळखू येईल असा!

शिकागोच्या एका संग्रहालयवाल्याने तिच्या मडक्यावर चांगली दोन पानं लिहिली. म्हणे, चार दिशांना पाहणारे पूर्वज. कसले डोंबलाचे पूर्वज! एक तिचा सोडलेला नवरा, दुसरा तिच्या कुंपणावर ट्रक घालणारा शेजारी, तिसरी शाळेच्या स्वयंपाकघरातली वरिष्ठ बाई, जिच्या हाताखाली झेरेल्डाने बावीस वर्षं बटाटे सोलले, आणि चौथा दातांचा डॉक्टर. तो लेख चर्चच्या तळघरात मोठ्याने वाचला तेव्हा हसून आमची पुरेवाट झाली.

चाळिशीपर्यंत ही बाई मातीला शिवली नव्हती. मग कुठल्याशा सहलीत तिने काचेच्या कपाटात आमचं जुनं मडकं पाहिलं. हात लावू नका, अशी पाटी होती. "मडकं आमच्या आज्यांचं, आणि आम्हीच हात लावायचा नाही?" असं म्हणून ती तणतणत घरी आली आणि ओढ्याकाठची माती खणायला बसली. पहिली नऊ मडकी आगीत फुटली. दहावं टिकलं. ती म्हणते, आज्यांनी हात धरला. मी म्हणते, हट्टीपणा.

मी लोविना, तिची मावसबहीण. आमच्यात कूळ आईकडून येतं आणि मावशी म्हणजे आईच, तेव्हा आम्ही कासव कुळातल्या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. तरी अकरा वर्षं झेरेल्डा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिची आई गेली तेव्हा मावशीची मका धुवायची टोपली मी खुंटीवरून काढून घरी नेली होती, तीही दहाव्या दिवसाच्या जेवणाआधी. गेलेल्या माणसाच्या वस्तू दहाव्यालाच वाटायच्या असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला वाटलं, झेरेल्डा डब्यातलं सूप गरम करून पिणारी, तिला राखेच्या पाण्यात उकडलेला मका धुवायच्या टोपलीचं काय काम? चुकलंच माझं. पण ते तिच्या दारात जाऊन सांगायला माझी जीभ काही वळली नाही.

आणि एवढं करूनही मी मडक्यावर कधीच आले नाही. नवं मडकं निघालं की मी गर्दीत मागे उभी राहून चारही तोंडं न्याहाळायची. कुंपणवाला दोनदा आला. मी नाही. लोक म्हणायचे, "सुटलीस गं, लोविना!" मला ते फार लागायचं. तिच्या लेखी मी भांडण्याच्याही लायकीची उरले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात वृद्धांच्या नव्या भवनासाठी झेरेल्डाला कमरेएवढं मडकं करायला सांगितलं, आणि डेल्बर्ट पॉलेसची झोप उडाली. हा आमच्या वस्तीचा कारभार बघणाऱ्या समितीतला जुना सभासद. त्याने वाक्य सुरू केलं की समोरचं सूप गार झाल्याशिवाय ते संपत नाही. भर सभेत त्याने झेरेल्डाला खाली बस म्हटलं होतं. आता जुलैत निवडणूक, आणि दारातच आपलं उघडं तोंड कायमचं भाजून ठेवलेलं! मार्चभर तो तिच्या अंगणातलं बर्फ उपसत होता. वयाने दोन वर्षं मोठा, पण तिला ताई म्हणायला लागला.

"झेरेल्डाताई, हरणाची तंगडी आणलीय. अगदी कोवळी."

"ठेव तिथे."

"ते मडक्याचं जरा..."

"तोंड मीट, डेल्बर्ट. उघडं दिसलं की माझे हात शिवशिवतात."

हे त्यानेच गावभर सांगितलं. गप्प बसणं त्याला कुठे जमतंय?

जूनमध्ये, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, मडक्यावरची चादर निघाली. डेल्बर्टने तीन फेऱ्या मारल्या. मडक्यावर तो कुठेच नव्हता. चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू पडला.

"म्हणजे, मी नाहीच? तीस वर्षं समितीत आहे मी!"

"तंगडी पोचली, डेल्बर्ट," झेरेल्डा म्हणाली.

तीन तोंडं नेहमीसारखी बाहेर बघत होती. चौथं मात्र मान वाकवून मडक्यात डोकावत होतं, ओठ घट्ट मिटून, आत काही उचलण्यासारखं आहे का ते बघत असल्यासारखं.

"अगं बाई, ही तर लोविना!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं दालन हसलं. मला लाज वाटली, रागही आला, आणि तरी इतका आनंद झाला की डोळे वाहायला लागले. झेरेल्डा समोर येऊन उभी राहिली.

"नाक केवढं केलंस," मी म्हणाले.

"आहे तेवढंच केलंय."

अकरा वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेले हे पहिले शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले. काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकलं होतं.

"झेरेल्डा, मी दहाव्याच्या आधी..."

तिने टोपली हातातून घेतली, उलटी करून तळ पाहिला.

"दोन पट्ट्या मोडल्यास."

मग तिने शेगडीवरचं मोठं पातेलं उतरवलं. राखेच्या पाण्यात उकडलेला मका होता, सालं सुटायला आलेली. किमान चौघींना पुरेल एवढा. तो तिने टोपलीत ओतला आणि टोपली माझ्याकडे सरकवली.

"धू," ती म्हणाली.