तळहाताएवढ्या काचेतून बालाघाट

हिमालय पाहून आलेल्यांनी खुशाल हसावं, पण बालाघाटाच्या कड्यावर जीप चढवायची म्हटलं की माझी बोबडी वळते. तरी यंदा दिवाळी झाल्यावर आमच्या जीपवाल्या मित्रमंडळींच्या चार जिपा धाराशिवहून निघाल्या, तेव्हा दुसरीचं स्टिअरिंग माझ्या हातात होतं. इतकी वर्षं ते आमच्या ह्यांच्या हातात असायचं. आता ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं, आणि तेही कमी होत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा हे एवढंच बोलले, "कड्यावर एकदा ने मला. दिसतंय तवर."

अणदूरला खंडोबाचं दर्शन घेतलं. नारळ फुटला आणि ह्यांनी चारी गाड्यांवर मुठी भरभरून भंडारा (देवाची हळद) उधळला. कापडाचे व्यापारी अझीझभाई आमचे म्होरके. त्यांनीही आपली गाडी पुढे आणली. "उधळा की भाऊ, हात आखडू नका!"

ह्यांनी आखडला नाही. आमच्या काचेवर तर थरच बसला. मी फडकं काढलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, देवाचं हाय. वाऱ्यानं जाईल."

बराचसा गेलाही. बरडावर (मुरमाड माळावर) एका झाडाखाली धपाटे-दही खाल्लं, ओढ्याकाठची सीताफळं फोडली आणि चढ सुरू झाला. वाट जेमतेम गाडीपुरती, डावीकडे सरळ दरी. पुढच्या गाडीच्या धुरळ्यानं काही दिसेना, म्हणून मी काचेवर पाणी मारलं आणि वायपर लावला.

उरलेल्या भंडाऱ्याचा क्षणात लेप झाला. सगळी काच पिवळीधमक! मी ब्रेक दाबला. मुरमावरून चाकं हातभर मागे घसरली आणि थांबली.  

"ब्रेक सोडू नको," हे शांतपणे म्हणाले. "हात भाईर काढ अन् पूस."

मी खिडकीतून हात बाहेर काढून ओढणीनं घासलं. तळहाताएवढी काच मोकळी झाली.

"झालं. आता तुला बी माझ्याएवढंच दिसतंय. म्या रोज चालतोच की तेवढ्यावर. म्होरं बघ अन् चल."

असला माणूस! मला त्याही घडीला हसू आलं. लो गिअर टाकला आणि त्या एवढ्याशा भोकातून वाट बघत मी गाडी माथ्यावर नेली.

गाडीतून उतरले आणि कड्याच्या टोकाशी गेले. पुढे जमीनच नव्हती. घारी आमच्या पायांखाली फिरत होत्या. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तुरीचा पिवळा फुलोरा, कोवळी ज्वारी, तळ्याचं लखलखतं पाणी. एका ढगाची सावली या गावावरून त्या गावावर सरकत गेली, ती अख्खीच्या अख्खी दिसली. एवढं अफाट आपल्याच जिल्ह्यात असावं याचं मला नवल वाटत राहिलं.

हे माझा हात धरून मान हळूहळू फिरवत होते. शेतात औत फिरवावं तसं, एक पट्टाही न सोडता. किती दिसतंय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पलीकडून उतरून जळकोटला चहाला थांबलो. तिथे अझीझभाईंनीच विचारलं, "काय भाऊ, दिसलं का समदं?"

हे बशीत चहा ओतत म्हणाले, "इतकी वर्सं चढलो, पर नजर कायम चाकाम्होरं. चढताना बाजूला काय असतंय, ते आज पयल्यांदा बघितलं." मग माझ्याकडे वळले. "म्होरल्या खेपेला भाई चालवतील. तू खिडकीपाशी बस. तुझं बघायचं ऱ्हायलंय."

 धाराशिव येईपर्यंत डोळे सारखे भरून येत होते, आणि रस्ता तर मलाच बघायचा होता.