मोजताना बोलायचं नाही

“इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या, आणि शेवटी हार्टनेच गेले ना?”

गेल्या वर्षी यांच्या बाराव्याला एक बाई जेवून हात धुऊन आली, माझ्याजवळ बसली आणि हे विचारलं.


आज वर्ष झालं. आज उत्तर देते.

आमचे हे पेडणे–म्हापसा गाडीवर ड्रायव्हर. पॅसेंजर यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचे.

तोंड सतत चालू. गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या सुमाराला भाषेवरून गाडीतसुद्धा भांडणं लागायची. हे आरशात बघून म्हणायचे, “ब्रेक कोंकणीत लावा नायतर मराठीत, गाडी थांबतलीच. उतरतलो कोण ता सांगा!”

मी चौथी शिकलेली. लोक सीटवर पेपर विसरून जायचे, ते हे संध्याकाळी माझ्यासाठी घेऊन यायचे. वाचायची सवय मला त्या चुरगळलेल्या पेपरांनी लागली. मी मोठ्याने वाचायची, आणि प्रत्येक बातमीवर यांचं काहीतरी म्हणणं असायचंच.

बीपी निघालं ते लायसन्सच्या तपासणीत. गोळ्या सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन तपासून यायचे. आकडा चांगला. आम्ही निवांत.

मग पणजीला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने घरी मशीन आणून दिलं. मोजायचं कसं तेही सांगितलं. पाठ टेकायची, पाय जमिनीला, हात टेबलावर. आधी चहा नाही. पाच मिनिटं शांत बसायचं. आणि मोजताना बोलायचं नाही.

बोलायचं नाही. यांना!

“अवो, गप्प रवा.”
“मी गप्पच आसंय. तूच उलयतंस.”
“चाय थंड होता गो.”
“त्या मशीनाक सांग, हात जरा हळू आवळ.”

आठवडा गेला तेव्हा कुठे गप्प बसायला जमलं.
पण आकडा वरच.

हे म्हणाले, “मशीन पिशी आसा.” वेडं आहे म्हणे मशीन.

सुट्टीच्या दिवशी मात्र तेच मशीन शहाणं व्हायचं. आकडा एकदम बरोबर.
“बघ, मशीनाक पण माझी सुट्टी मानवता.”

मला ते काही पटलं नाही. पुढच्या सुट्टीला मी सोबत गेले, मशीन पिशवीत घालून. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी यांच्याकडे बघून एवढंच विचारलं, “काका, ड्युटीच्या दिवशी गोळी घेता का?”

आयुष्यात पहिल्यांदा हे आपणहून गप्प बसले.

मग हळूच म्हणाले, “ती गोळी घेतली की सारखा लघवीक जावचा पडता, डॉक्टर. गाडी बायकापोरांनी भरलेली. कोलवाळच्या पुलार अडाकलंय तर उतरू खंय?”

मला हसूही आलं नाही आणि रागही. इतकं बोलणारा माणूस. पण एवढंच कुणाला सांगता आलं नव्हतं यांना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग मला सांगायचं ना. गोळीची वेळ तुमच्या गाडीप्रमाणे लावून दिली असती. पण काका, सुट्टीपुरती गोळी घेऊन हृदय राखता येत नाही. हृदयावर आधीच ताण आलाय. वेळ आपण ठरवू. ठरली की मग रोज तीच. आपल्या मनाने सोडायची नाही.”

तेव्हा यांची ड्युटी पहाटेची असायची; ती संपवून हे दुपारी जेवायला घरी यायचे. ती वेळ ठरली.

तेव्हापासून ताटाशेजारी गोळी. “हाड गो ती दुसरी बायल. उशीर झालो तर तीय रागावतली.” आण म्हणे ती दुसरी बायको.

आणि संध्याकाळी मशीन. मी समोर बसायची. पाच मिनिटं दोघंही गप्प. यांच्या ओठांवर दिवसभराचं सगळं येऊन थांबलेलं दिसायचं मला. मशीनचा आवाज झाला, पट्टा सैल झाला की लगेच,

“आता उलयू?” बोलू का, म्हणून.

आणि मग जेवणापर्यंत खंड नाही.

तर बाई, ऐक.

गोळ्यांनी कोणी अमर होत नाही, हे मलाही कळतं.
पण त्या गोळ्यांवर यांनी मुलीचं लग्न पाहिलं. स्टेअरिंग आपल्या हाताने सोडलं, कुणी सोडायला लावलं नाही. नातीला मांडीवर बसवून ताटलीचं स्टेअरिंग फिरवायला शिकवलं. आणि रोज संध्याकाळी माझ्याशी बोलले.

ही वर्षं मला कमी वाटत नाहीत.
संपली, एवढंच.

गेले ते दुपारी. जेवले, गोळी घेतली, आडवे झाले. संध्याकाळी मी मशीन काढून उठवायला गेले, तर हे उठले नाहीत.

आता बीपी मलाही आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कुठल्या वेळेला सोयीची पडेल? मी यांचीच वेळ सांगितली.

पेपर आता दारात येतो. कडक घडीचा, कुणी न वाचलेला. मी मनातल्या मनात वाचते.

संध्याकाळी मशीन लावते. पाठ टेकते. पाय जमिनीला. पाच मिनिटं बोलायचं नाही.

मला त्यासाठी काही करावं लागत नाही. सकाळपासून कुणाशी बोललेलीच नसते.

आकडा मुलीला फोनवर पाठवते. ती अंगठा पाठवते. तिचंही ऑफिस असतं, घर असतं.

आज यांच्या फोटोला हार घातला, मशीन फोटोसमोरच्या टेबलावर घेतलं आणि बसले.
आकडा चांगला आलाय.

अवो, माप झालं.
उलया आता.