चौथा मजला, लिफ्ट नाही

आमच्या घरात जागा बघायची ती सासूबाईंनीच. चाकणच्या भावकीत कुणी प्लॉट घेवो, कुणी गाळा भाड्याने द्यायला काढो, आधी आईंना गाडीत घालून न्यायचं. त्या चपला काढून जमिनीवर उभ्या राहणार, पावसाचं पाणी कुठून वाहतं ते विचारणार, शेजारच्या घरात पाणी मागून पिणार आणि मग सांगणार, "घ्या," नाहीतर "न्हाई." चऱ्होलीचा आमचा फ्लॅटसुद्धा त्यांनीच पसंत केला. मला विचारलं कुणी? कप्पाळ!

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने पाच दिवस लिस्बनला जायचं काढलं. हॉटेल बघायला मी लॅपटॉप उघडला, तर शेजारी खुर्ची ओढून आई हजर. नवरा शिफ्टला जाता जाता त्यांना म्हणून गेला होता, "आई, तू पण चल की." मला आधी एका शब्दाने बोलला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पंधरा वर्षांत आम्ही महाबळेश्वरलासुद्धा दोघं गेलो नव्हतो, कायम तिघं.

आई नकाशावर बोट ठेवून विचारत होत्या, "ह्या वस्तीत कोन ऱ्हातं? चढ हाय का? पानी कुठं उतरतं?" अर्ध्या तासात त्यांनी नदीजवळच्या सपाट भागातलं एक हॉटेल काढलं. दारात ट्राम, लिफ्ट, खालीच नाश्ता. बाईंनी बरोब्बर निवडलं होतं. माझा जीव जळला, कारण मीही तेच निवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, ते हॉटेल भरलं. धडधडीत खोटं. मग आल्फामात, टेकडीवरच्या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावरची खोली पकडली. लोक लिफ्ट असलेलं हॉटेल शोधतात, मी तासभर लिफ्ट नसलेलं शोधत होते. "आई, तुमच्या गुडघ्यांना कसं झेपणार हो?" हे मी इतक्या गोड आवाजात म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं.

आठवड्याने वॉचमन म्हणाला, "मॅडम, आजी रोज दुपारी जिना चढतात. लिफ्ट घेतच नाहीत." मी बघायला गेले. नऊवारी, पायात नवे पांढरे बूट, एक हात कठड्याला, एक गुडघ्यावर. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसल्या होत्या. मी आवाज न करता परत फिरले.

व्हिसाचे कागद द्यायच्या आदल्या दिवशी त्या घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या. "चार मजले जमले बघ! एकदाच बसले." चेहरा असा फुलला होता, की कुणालाही माया आली असती. मला आली नाही. भाजी चिरता चिरता मी म्हणाले, "तिथं दिवसातून तीनदा चढावं लागेल, आई. आणि तुम्ही मध्येच बसलात, की आमचं फिरणं बोंबललं."

त्यांनी वाकून बूट काढले. बराच वेळ लागला. मी जागची हलले नाही. "मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. रात्री नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, गुडघे दुखतात.

लिस्बनला पोचल्या पोचल्या नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावून खिडकीतून नदी दाखवली, लाल कौलं दाखवली. "आई, बघ, कसलं भारी आहे!"

"ते ऱ्हाऊ दे. सूनबाईकडं दे फोन." मी फोन घेतला. "मला जिना दाखव," त्या म्हणाल्या.

मी खोलीबाहेर येऊन दाखवला. रुंद लाकडी पायऱ्या, बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा, मजल्यामजल्यावर बसायला बाक.

"हा झेपला असता की गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला मी नको व्हते, तर तोंडावर म्हनायचं, 'आई, येऊ नका.' बसले असते मी घरी. एवढे दिवस मला जिनं चढू दिलंस व्हय?"

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मी फोन पायऱ्यांकडेच धरून उभी राहिले.